पाणबुड्यांच्या सिलिंडरातील हवा

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे प्रवाळ आणि मासे पाहण्यासाठी मालवण-तारकर्लीच्या समुद्रात उतरू इच्छिणारे पुष्कळ वाचक कानाचे दुखणे, दमा, रक्तदाब यांविषयी माझ्याकडे पृच्छा करतात, आणि ती पृच्छा सर्वथा योग्यच आहे. परंतु ज्या सिलिंडरातील हवेवर पाण्याखाली आपला प्राण अवलंबून राहणार, ती हवा कोणत्या यंत्राने भरली, कोठून ओढून घेतली आणि तिची परीक्षा शेवटची केव्हा झाली, याची चौकशी करणारा मनुष्य मला क्वचितच भेटतो.

सिलिंडरात शुद्ध प्राणवायू असतो, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. तेथे असते ती आपली नित्याची हवाच, फक्त सुमारे 200 बार दाबाखाली कोंडलेली, म्हणजे 12 लिटरच्या सिलिंडरात साधारण 2400 लिटर. कॉम्प्रेसर आपल्या तोंडाशी जी हवा असेल ती निमूटपणे ओढतो. त्याची नळी जनरेटरच्या किंवा बोटीच्या धुराड्याजवळ असली, अथवा सकाळी योग्य बाजूला ठेवलेल्या नळीवर दुपारी वारा फिरून धूर आला, तर त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हवेबरोबर सिलिंडरात जातो. दुसरे उगमस्थान यंत्राच्या पोटातच असते व त्याची दखल फारच कमी लोक घेतात: कॉम्प्रेसर अतोनात तापला, की त्यातील वंगणाचे तेल करपते आणि बाहेरची हवा निर्मळ असूनही हा विषारी वायू आतल्या आत निर्माण होतो.

या वायूला रंग नाही, गंध नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आसक्तीने चिकटतो, आणि मग फुप्फुसे व्यवस्थित चालू असतानाही मेंदू व हृदय यांची उपासमार सुरू होते. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवल्यामुळे घडलेल्या मृत्यूंच्या ज्या वार्ता आपण हिवाळ्यात वाचतो, त्यांच्या मुळाशी बहुधा हाच वायू असतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने खाणींतील स्फोटांनंतर मजूर कशाने मरतात याचा छडा लावताना, 1890 नंतरच्या दशकात, हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवून ठेवले. आणि पाणबुड्यांनी टप्प्याटप्प्याने वर कसे यावे याची कोष्टके 1908 मध्ये प्रसिद्ध करणारा शास्त्रज्ञही तोच, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

समुद्रात या विषाचा प्रभाव खोलीबरोबर वाढतो. दर दहा मीटरांना पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढत असल्यामुळे तीस मीटर खोलीवर एकूण दाब चौपट होतो, आणि जी हवा जमिनीवर दशलक्ष भागांत 10 भाग कार्बन मोनॉक्साइड बाळगते, ती तेथे 40 भागांच्या हवेसारखी वागते. म्हणूनच श्वसनाच्या हवेसाठी युरोपात प्रचलित असलेल्या ईएन 12021 या मानकाच्या 2014 च्या आवृत्तीने या वायूची मर्यादा दशलक्ष भागांत केवळ 5 भाग ठरवली आहे, कार्बन डायऑक्साइडला 500 भागांपर्यंत मुभा दिली आहे, आणि तेलाचा अंश एका घनमीटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ दिलेला नाही. त्यातही घातक गोष्ट अशी, की खोलवर प्राणवायूचाही दाब वाढलेला असल्याने तो रक्तद्रवात अधिक विरघळतो व काही काळ उणीव झाकून धरतो. मनुष्य वर येऊ लागला, की हे आच्छादन निघून जाते, आणि डोकेदुखी, मळमळ, घेरी, बुद्धिभ्रम ही लक्षणे नेमकी वर येतानाच प्रकट होतात. पाण्यात आलेली मूर्च्छा आणि मृत्यू यांत अंतर फारच थोडे.

हवा शुद्ध करणाऱ्या गाळणीत सामान्यतः सक्रिय कोळसा असतो, जो तेलाची वाफ व दुर्गंध शोषतो, आणि ओलावा टिपणारे दाणे असतात. कार्बन मोनॉक्साइडला मात्र कोळसा अडवीत नाही. त्यासाठी हॉपकॅलाइट नावाचे मँगनीज व तांबे यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण लागते, आणि ते ओलाव्याने निकामी होते, म्हणून आपल्या कोकणच्या दमट, उष्ण हवेत गाळणी बदलण्याची मुदत थंड प्रदेशापेक्षा लवकर येते. ज्या गाळणीत हॉपकॅलाइट नाही किंवा ते निकामी झाले आहे, ती धुराचा वास काढून टाकते पण विष ठेवते; सबब ‘हवेला काही वास नाही’ हे आश्वासन मी कोणालाही स्वीकारू देणार नाही. उलट तेलकट वा करपट वास आल्यास ते सिलिंडर बिनदिक्कत परत करावे. ओलाव्याचा आणखी एक उपद्रव सांगितला पाहिजे: पोलादी सिलिंडर आतून गंजला, की तो गंज आतील प्राणवायू खातो, आणि महिनोन्महिने पडून राहिलेल्या सिलिंडरातील हवा जीव धरण्यास अपुरी ठरू शकते.

म्हणून उतरण्यापूर्वी चालकाकडे प्रयोगशाळेचा हवातपासणीचा दाखला मागावा, त्यावरील तारीख तीन महिन्यांच्या आतली आहे काय हे पाहावे, आणि गाळणी बदलल्याची नोंदवही दाखविण्याची विनंती करावी. असा दाखला मागण्यात अविश्वास नाही. तो ग्राहकाचा हक्क आहे आणि चोख चालक तो आनंदाने दाखवतो. तथापि दाखला नमुन्याच्या दिवसापुरताच बोलतो, त्यामुळे भरतेवेळी कॉम्प्रेसरवर कार्बन मोनॉक्साइड मापक असणे, किंवा नियमित डुबकी मारणाऱ्याने स्वतःचा लहान मापक बाळगून व्हॉल्व्ह हलकेच उघडून हवा तपासणे, हा खरा बंदोबस्त होय. ज्या बोटीवर इंजिनशेजारीच कॉम्प्रेसर ठेवून लांब नळीने खाली हवा पुरवितात, तेथे अधिकच सावध राहावे. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात हा वायू आधीच थोडाबहुत असतो, आणि हृदयविकाराच्या रुग्णास त्याचे अल्प प्रमाणही छातीत कळ आणू शकते. या दोघांनी या बाबतीत कसूर करू नये.

पाण्यात डोके दुखू लागले, तर सोबत्यास इशारा करून त्याच्यासह नेहमीच्या गतीने वर यावे व डुबकी तेथेच संपवावी. वर आल्यावर ही लक्षणे बोट लागल्याची समजून लिंबू-सरबतावर वेळ दवडू नये. मास्कने शंभर टक्के प्राणवायू ताबडतोब सुरू करावा, कारण साध्या हवेत रक्तातील हे विष निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात, तर शुद्ध प्राणवायूवर साधारण तास-दीड तास. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. त्याला विषबाधित हिमोग्लोबिन व प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन यांतला भेद कळत नाही, आणि रुग्ण अत्यवस्थ असतानाही तो 98 दाखवू शकतो. रुग्णालयात पोहोचताच ‘डुबकी मारली होती, कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे’ असे स्पष्ट सांगून त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. जलद वर आल्याने होणाऱ्या विकाराशी ही लक्षणे मिळतीजुळती असतात, परंतु दोहोंत प्रथम उपचार प्राणवायू हाच असल्याने निदानाची वाट पाहत तो थांबवू नये. आणि वापरलेले सिलिंडर कोणालाही रिकामे करू देऊ नये: व्हॉल्व्ह बंद करून, त्यावर तारीख व वेळ लिहून ते परीक्षणासाठी राखून ठेवावे, आणि त्या दिवशी त्याच कॉम्प्रेसरवरून भरलेली इतर सिलिंडरे ज्यांच्या पाठीवर आहेत, त्यांना लागलीच पाण्याबाहेर बोलवावे.