मानसपूजेतील गंध आणि आपला मेंदू



मी डॉक्टर नाही आणि शास्त्रीबुवाही नाही. बी.कॉम. झालो आणि सारी नोकरी बँकेत, आधी अकोल्याला व नंतर अमरावतीला, लेजर आणि व्हाउचरं सांभाळण्यात गेली. पुढे जे लिहितो आहे ते स्वतःवर बेतल्यामुळे विचारून, वाचून जमवलेलं आहे.

2021 च्या फेब्रुवारीत अमरावतीत करोना पुन्हा उसळला आणि लॉकडाऊन लागला, हे आपल्या लक्षात असेलच. त्याच लाटेत मी आजारी पडलो. दत्तकृपेने घरीच बरा झालो. वास मात्र गेला होता, आणि गंमत म्हणजे तो गेला हे मला दोन-अडीच महिने कळलंच नाही. कारण आरतीला कापूर घेतला की नाकात गार झणका बसायचा. कापूर कळतो आहे म्हणजे नाक शाबूत आहे, असा माझा हिशोब.

वैशाखातल्या एका गुरुवारी महाराजांना दूध-साखरेचा नैवेद्य दाखवला आणि घरात सर्वांना चमचा चमचा प्रसाद दिला. सौ.ने तो तोंडाला लावला मात्र, म्हणाली, "अहो, दूध नासलं आहे! तुम्हाला वास नाही आला?" आपल्याकडचा उन्हाळा, दूध सकाळपासून ओट्यावर. मी वाटी नाकाशी धरली. काही नाही. साधं पाणी हुंगावं तसं. आंबलेलं दूध महाराजांपुढे ठेवलं, हे मनाला फार लागलं. त्या रात्री झोप आली नाही.

अकोल्याला एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कापराचा उलगडा केला. कापूर, निलगिरी, पुदिना यांचा गारवा आणि झणका एक वेगळीच शीर मेंदूकडे नेते, तिला ट्रायजेमिनल म्हणतात. वासाची शीर निराळी. माझी पहिली चालू होती, दुसरी बंद.

ही दुसरी वाट मोठी नवलाची आहे. नाकपुडीच्या वरच्या टोकाला, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध म्हणा ना, एका लहानशा पापुद्र्यात वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यावर वेगवेगळ्या कुलपांसारखे ग्राहक असतात, माणसात सुमारे 400 प्रकारचे. एक वास अनेक कुलपं थोडी थोडी उघडतो आणि कोणकोणती उघडली यावरून मेंदू ठरवतो की हा मोगरा आणि हा केवडा. हे ग्राहक लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 साली शोधले. त्यासाठी 2004 चं नोबेल दोघांना मिळालं. पुढची गोष्ट आपल्या कामाची आहे. डोळ्यांचा, कानांचा निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या आवक-जावक टेबलावर जातो आणि मग पुढे सरकतो. वासाचा निरोप त्या टेबलावर न थांबता भावना आणि आठवणी जिथे राहतात त्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोचतो. म्हणून पहिल्या पावसात काळ्या मातीचा वास आला की साठ वर्षांपूर्वीचं शेत आधी उभं राहतं आणि "हा मातीचा वास" हे शब्द मागून येतात.

करोनात हे बिघडलं कसं? 2020 मध्ये हार्वर्डच्या एका गटाला दिसलं की विषाणू ज्या दारांनी आत शिरतो ती दारं वासाच्या पेशींवर नसून त्यांना टेकू देणाऱ्या शेजारच्या पेशींवर आहेत. टेकू ढासळला की वासही गेला. त्या गटाच्या प्रमुखांचं आडनाव दत्ता आहे, संदीप रॉबर्ट दत्ता. वाचल्यावर मी हात जोडले, उगीच खोटं कशाला सांगू!

वासाच्या पेशी पुन्हा पुन्हा नव्या उगवतात, ही दिलाशाची बाब. डॉक्टरांनी मला व्यायाम दिला. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये तो तपासून पाहिला होता. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, 12 आठवडे हुंगायचे. व्यायाम करणाऱ्यांची घ्राणशक्ती न करणाऱ्यांपेक्षा सुधारली होती. "नुसतं हुंगू नका," डॉक्टर म्हणाले, "तो वास कसा होता ते त्या वेळी आठवा."

इथे माझी पंचाईत झाली. आमची आई लहानपणी हातावर चापट मारून सांगायची, "हुंगलेलं फूल देवाले नाही चालत बाप्पा!" गुलाब तर रोज देवासाठीच यायचा. शेवटी एक फूल नाकाचं आणि बाकीची देवाची, अशी दोन खाती वेगळी काढली. नाकाचं फूल देवघरात न्यायचंच नाही.

आता मूळ मुद्दा. स्तोत्र म्हणण्याआधी आपण पाच उपचार मनाने वाहतो. पृथ्वीतत्त्वाचं गंध, आकाशाचं पुष्प, वायूचा धूप, तेजाचा दीप, अमृताचा नैवेद्य. यातले दीप सोडून चार नाकाशी जोडलेले आहेत, हे नाक गेल्यावर लक्षात आलं. शिवमानसपूजेतही कस्तुरीने दरवळणारं चंदन मनानेच वाहिलेलं आहे. मी मात्र वर्षानुवर्षं हे पाच उपचार पाच सेकंदांत उरकत होतो, पाच वाजता गर्दी असताना व्हाउचर पास करावं तसे. गंधाच्या जागी मनात गंध नव्हतंच, नुसता शब्द होता.

मनात आणलेल्या वासाने मेंदूत खरंच काही होतं का? होतं, आणि ते मोजलेलं आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी 2005 मध्ये वासाची कल्पना चांगली करता येणाऱ्या माणसांना स्कॅनमध्ये ठेवून नुसता वास मनात आणायला सांगितलं. खरा वास आल्यावर मेंदूचा जो भाग जागा होतो, त्याच भागात तेव्हाही हालचाल दिसली. त्याआधी 2003 मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या नोआम सोबेल यांच्या गटाने आणखी मजेची गोष्ट दाखवली. माणूस वासाची कल्पना करतो तेव्हा नकळत नाकाने हुंगतोसुद्धा! चांगल्या वासाला मोठा श्वास, घाणेरड्याला लहान. आणि हुंगणं बंद पाडलं तर मनातला वासही फिका पडतो. फ्रान्समध्ये लियों इथे 2012 साली अत्तरं घडवणाऱ्या मंडळींची तपासणी झाली. जितका अनुभव जास्त, तितकं वास कल्पिताना मेंदूच्या या भागांचं काम कमी. जुन्या कारकुनाने बोटावर तेरीज जुळवावी आणि नव्याने घाम गाळावा, तसंच हे असावं.

मात्र कल्पना आणि भास यांत घोटाळा होऊ देऊ नये. लाड कारंजा, आपल्या श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं. तिथे कस्तुरीची हवेली म्हणून जुना वाडा सांगतात. एका शेटजींनी आलेली सगळी कस्तुरी विकत घेऊन बांधकामाच्या चुन्यात कालवली, अशी आख्यायिका आहे. लहानपणी वडिलांबरोबर गुरुमंदिरात दर्शनाला गेलो होतो, तेव्हा ते भिंतीपाशी म्हणाले, "येते का रे सुगंध?" आणि मला खरोखर आला! आता शंका येते. 1899 मध्ये अमेरिकेत स्लॉसन नावाच्या प्राध्यापकाने वर्गात कापसावर निव्वळ पाणी ओतलं आणि तीव्र वासाचं रसायन आहे असं सांगितलं. थोड्याच वेळात वर्गातल्या पाऊण लोकांनी वास आल्याचं कबूल केलं. पुढच्या बाकांवरच्या काहींना तर तो सहन होईना, म्हणून प्रयोग थांबवावा लागला. हवेलीत त्या दिवशी कस्तुरी होती की वडिलांचा शब्द, आता कोण सांगणार! मानसपूजेत मात्र आपण स्वतःला फसवत नाही. गंध समोर नाही हे ठाऊक असून ते मनात आणतो.

मी काय करतो ते सांगतो. आधी खऱ्या सहाणेवरचं चंदन हुंगून ठेवायचं, देवाला लावायचं ते नव्हे, बाजूला काढलेलं. साठा असल्याशिवाय मनाला काढता काय येणार? मग डोळे मिटून, गंध अर्पण करताना सावकाश श्वास आत घ्यायचा. गाणगापूरच्या निर्गुण पादुकांना अत्तर-केशराचं लेपन होतं, ते मी डोळ्यांपुढे आणतो. एका उपचाराला दहा-बारा श्वास देतो. चित्त शांत होतं, एवढं मी अनुभवाने सांगू शकतो. रोग बरा होतो असं म्हणणार नाही.

आपल्या वयाच्या मंडळींसाठी थोडं. साठीनंतर वास हळूहळू कमी होतोच, आपल्याला पत्ता लागत नाही. कधी कधी पार्किन्सन किंवा विस्मरणाच्या आजारात तो आधी कमी होतो, तेव्हा घाबरू नये पण डॉक्टरांच्या कानावर घालावं. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. ज्याचं नाक गेलं त्याने स्वयंपाकघरात एकट्याने विसंबू नये. आणि देवघर बंद खोलीत असेल तर उदबत्ती-धुपाच्या वेळी खिडकी उघडावी, धूर छातीला बरा नाही.

माझं म्हणाल तर सातव्या आठवड्यात लिंबू पुसटसं कळलं. मग मधला महिना वाईट गेला, धुपाला जळक्या रबरासारखा वास येई आणि फोडणीच्या कांद्याला भलताच. डॉक्टर म्हणाले, पेशी नव्याने जोडल्या जाताना असं होतं, व्यायाम सोडू नका. त्या वर्षी 18 डिसेंबरला दत्तजयंती होती. पाळण्याच्या वेळी हार अंगावरून गेला आणि गुलाब ओळखू आला. शेजारच्या भक्ताला वाटलं मी भजनाने रडतोय.

जाईचा वास अजून आलेला नाही. आईच्या अंगणात जाईचा वेल होता, तो आठवून मनातल्या पूजेत दर गुरुवारी मी जाईच वाहतो, आणि तिथे ती येते. दूध मात्र नैवेद्याआधी सौ.लाच हुंगायला देतो.