खेळाचा संगणक : कोणता भाग आधी बदलावा?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस विषयाची मोकळीक दिली. शिक्षण, शिस्त किंवा चारित्र्य यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही लिहू, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु निपाणी-बेळगाव भागातील पालक आम्हांस रस्त्यात थांबवून जो प्रश्न वारंवार विचारतात तो निराळाच आहे. "सर, पोरगं म्हणतंय कॉम्प्युटरवर गेम चालत नाही, कार्ड घालून द्या. काय करू सांगा." या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा चुकीचे दिले आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली. म्हणून हा पाठ.

ही गोष्ट २०२३ सालची. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी कचेरीतून निघालेला जुना संगणक होता. दिवसा मोठी बहीण त्यावर आपल्या पदविकेची आरेखने काढी आणि रात्री धाकटा भाऊ खेळ खेळे. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. खेळ अडखळतो म्हणून मुलगा आमच्याकडे आला. आम्ही संगणक न पाहताच सांगून टाकले की, खेळाचे चित्र ग्राफिक्स कार्ड काढते, तेव्हा जमेल तेवढे मोठे कार्ड घ्यावे. वडिलांनी भिशीचे पैसे उचलले आणि मुलाने आरएक्स ५८० हे वापरलेले कार्ड आणले. कार्डात काही खोट नव्हती. पण ते बसविण्यास घेतले तेव्हा कळले की, त्याला लागणारी आठ पिनांची वेगळी वीजजोडणी त्या संगणकाच्या पॉवर सप्लायला मुळी नव्हतीच. सप्लाय बदलावा म्हटले, तर मदरबोर्डाची जोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसून त्या बनावटीची खास, निराळ्या आकाराची. जोडवायर व नवा सप्लाय घेण्यास पैसे उरले नव्हते. या खटाटोपात तीन आठवडे संगणक उघडा पडला, आणि ती मुलगी ताशी पैसे मोजून बाहेर आरेखने करीत राहिली. वडील आम्हांस एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

चूक कोठे होती? ती साध्या बेरजेत होती. त्या संगणकातील कोअर आय-५ ४५७० हा प्रोसेसर ८४ वॅटचा. आरएक्स ५८० हे कार्ड १८५ वॅटचे. मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे यांचे मिळून अंदाजे ४० वॅट धरू. एकूण ३०९ वॅट. सप्लायच्या अंगावर आकडा छापलेला होता २८०. सातवीतील मूलही ही बेरीज करील. आम्ही गणित शिकवितो, आणि ती केली नाही. कारण पेटी उघडून आत पाहिलेच नाही.

तेव्हा पहिला नियम हा की, पेटी उघडल्याशिवाय पाकीट उघडू नये. सप्लाय घेताना बेरजेच्या सुमारे दीडपट वॅटचा घ्यावा, म्हणजे त्यावर ताण पडत नाही व पुढे वाढीलाही जागा राहते. मात्र वर छापलेल्या मोठ्या आकड्यावर भुलू नये. प्रोसेसर व कार्ड यांना वीज लागते ती १२ व्होल्टची. म्हणून सप्लायच्या चिठ्ठीवर १२ व्होल्टच्या रकान्यापुढे किती वॅट किंवा किती ॲम्पिअर लिहिले आहेत ते वाचावे. ॲम्पिअरला १२ ने गुणले की वॅट निघतात. '८० प्लस' हे चिन्ह सप्लाय वीज कमी वाया घालवितो एवढेच सांगते. पण ज्यावर तेही नाही असा स्वस्त सप्लाय महागड्या कार्डाखाली लावणे म्हणजे नव्या ट्रकला फाटके टायर लावण्यासारखे आहे.

आता मुख्य प्रश्न : कोणता भाग आधी बदलावा? आमच्या भागात गुऱ्हाळ सर्वांनी पाहिले आहे. चरक कितीही जोरात फिरला तरी रस आटविणारी काहील एकच असेल, तर गूळ तेवढाच निघतो व बाकीचा रस पिंपात आंबत राहतो. उलट, काहिली चार मांडल्या व चरक मंद असला तरी तीच गत. संगणकाचे असेच आहे. खेळात पुढे काय घडावयाचे याचा हिशेब प्रोसेसर करतो. त्याचे चित्र ग्राफिक्स कार्ड काढते. काम चालू असताना लागणारा माल हाताशी ठेवण्याचा ओटा म्हणजे रॅम. आणि सर्व माल भरून ठेवलेली वखार म्हणजे डिस्क. या चौघांत जो सर्वांत मंद, त्याच्याच चालीने सर्व चालतात. म्हणून जो सर्वांत मंद असेल तोच भाग बदलावा. इतर कोणताही भाग बदलला तरी पैसा जातो आणि खेळ होता तेथेच राहतो.

मंद कोण, हे ओळखण्यास दुकानदाराची गरज नाही. खेळ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो व त्यात प्रत्येक भाग किती टक्के कामात आहे ते दिसते. ग्राफिक्सचा आकडा ९५ ते १०० च्या घरात असून प्रोसेसर निवांत असेल, तर कार्ड अपुरे आहे. कार्ड पन्नास-साठ टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर बहुधा प्रोसेसर त्यास काम पुरवू शकत नाही. येथे एक फसगत होते ती ध्यानात ठेवावी. प्रोसेसरचा एकूण आकडा ४० टक्के दिसला तरी त्याचा एखादाच गाभा पूर्ण भरलेला असू शकतो; आणि पुष्कळ खेळ त्या एका गाभ्यावर अडतात. शंका असल्यास खेळातील चित्राचा आकार लहान करून पाहावा. चित्र लहान केल्याने वेग वाढला तर कार्ड अपुरे होते; काहीच वाढला नाही तर दोष प्रोसेसरचा. ही परीक्षा फुकट आहे, आणि हजारो रुपये वाचविते.

रॅम भरून गेली की संगणक माल वारंवार डिस्कवर नेऊन ठेवतो आणि खेळाला मध्येच झटके बसतात. आज खेळासाठी १६ जीबी हे सोयीचे माप आहे. ते एका पट्टीऐवजी ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावे. कारण दोन पट्ट्यांमुळे ये-जा करण्यास दोन वाटा मिळतात. मात्र डीडीआर-३, डीडीआर-४ व डीडीआर-५ यांच्या खाचा निरनिराळ्या असतात व एकीची पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही. जुनी पट्टी खिशात घालून दुकानात जाणे उत्तम. भावही ध्यानात ठेवावेत : २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे जगभर रॅम महाग झाली. म्हणून मागील वर्षीच्या भावावर यंदाचा बेत आखू नये.

डिस्कसंबंधी पालकांनी एवढे जाणावे की, फिरती हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे दीडशे ते दोनशे एमबी माल देते. साधी साटा एसएसडी सुमारे साडेपाचशे देते. शिवाय विखुरलेल्या लहान फायली गोळा करण्यात तर एसएसडी कित्येक पटींनी पुढे असते. एसएसडीमुळे खेळाचे चित्र अधिक भरभर निघत नाही, हे खरे. पण संगणक सुरू होणे, खेळ उघडणे, आरेखनाची फाईल समोर येणे ही सारी कामे लवकर होतात. घरातील प्रत्येकाला ज्याचा उपयोग होतो असा हा एकच भाग आहे.

पडद्याचा हिशेबही गणिताचाच आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. ज्यास फोर-के म्हणतात तो पडदा ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके, बरोबर चौपट. पडदा बदलला की कार्डाचे काम चौपट वाढते, हे मुलाने सांगितले नाही तरी पालकाने विचारावे. तसेच ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठ वेळाच चित्र बदलतो. अशा पडद्यापुढे दीडशे चित्रे काढणारे कार्ड नेले तर मुलाला दिसणार साठच.

आता प्रोसेसरसंबंधी. तो ज्या बैठकीत बसतो ती बैठक मदरबोर्डावर असते, आणि दर काही वर्षांनी ती बदलते. म्हणून नवा संगणक बांधताना त्या बैठकीला पुढे वाट आहे का, ते पाहावे. ज्यांनी २०१७ साली एएमडीच्या एएम-४ बैठकीचा मदरबोर्ड घेतला, त्यांतील पुष्कळांना पुढे फक्त बायोस अद्ययावत करून २०२२ सालचा रायझेन ७ ५८००एक्स३डी बसविता आला. पाच वर्षांनंतर एकच भाग बदलला आणि बाकीचे घर तसेच राहिले. याउलट जेथे प्रोसेसर बदलण्यासाठी मदरबोर्ड व रॅमही बदलावी लागते, तेथे ती दुरुस्ती नव्हे, नवा संगणकच होय. आणि त्याचा विचारही तसाच, सर्व खर्च एकत्र मांडून करावा.

आणखी एक अडसर असा आहे की तो कार्ड घेऊन दूर होत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११ वर ही सोय चालू असल्याशिवाय सुरू होत नाही. तेव्हा चौथ्या पिढीच्या संगणकात आज मोठा पैसा घालू नये, असेच आम्ही सांगू.

आमच्या भागाच्या हवापाण्याचाही विचार केला पाहिजे. निपाणीत तंबाखूची बारीक धूळ पंख्याच्या पात्यांवर चिकटून बसते. बेळगावकडे पावसाळ्यात दमट हवा महिनोन्‌महिने राहते. धूळ साचली की प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. मूल म्हणते, संगणक जुना झाला. वास्तविक तो फक्त मळलेला असतो. तीन-चार महिन्यांनी वीज बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ ब्रशने व हवेच्या झोताने धूळ काढावी. वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की पिन बोर्डातून काढून ठेवावी. घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत, बहुधा ३६० च्या आसपास, हे ध्यानात ठेवावे.

खरेदी बेळगावात करा, कोल्हापुरात करा किंवा घरबसल्या मागवा. पावती आपल्या नावाची व तीवर भागाचा क्रमांक लिहिलेला असावा. आखातातील नातलग कार्ड आणून देत असतील, तर त्याची हमी भारतात चालते का, ते आधी विचारावे. वापरलेले कार्ड अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. पंख्याचा आवाज, तापमान आणि पडद्यावर उमटणारे ठिपके यांकडे लक्ष द्यावे.

त्या घरातील संगणकाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. ते मोठे कार्ड तोट्यात विकले गेले. त्याच्या जागी वेगळी वीजजोडणी न लागणारे जीटीएक्स १६५० आणले. त्याचे ७५ वॅट धरून बेरीज १९९ झाली आणि जुन्या २८० वॅटच्या सप्लायवर ते चालू लागले. उरलेल्या पैशांत एक लहान एसएसडी आली. तोट्याचा अर्धा भाग आम्ही देऊ केला, तो वडिलांनी घेतला नाही. "सर, चुकतंय की माणसाचं," एवढेच म्हणाले. शेवटी रॅमची दुसरी पट्टी आम्ही घेऊन गेलो, ती मात्र त्यांनी ठेवून घेतली. बहिणीची आरेखने वेळेवर गेली. मुलगा खेळू लागला; आणि विशेष म्हणजे आता गल्लीतील दुसऱ्या मुलांचे संगणक तोच उघडून पाहतो.

त्या दिवसापासून कोणी सल्ला विचारला की आम्ही प्रथम कागद पुढे करतो व त्यावर पाच गोष्टी लिहून आणण्यास सांगतो : प्रोसेसरचे नाव, रॅमचा प्रकार व पट्ट्या, सप्लायचे वॅट व जोडण्या, पेटीतील मोकळ्या जागेची लांबी, आणि खेळ चालू असतानाचे टास्क मॅनेजरमधील आकडे. ज्याने हा कागद स्वतः भरला त्याला आमच्या सल्ल्याची गरज सहसा उरत नाही. ज्याने भरला नाही त्याला आम्ही सल्ला देत नाही.