उभी गाडी बसून खाते

भाच्या,

परवा जेवताना तू मोबाइल पुढे केलास. लाल गाडी, दोनच दारं, बसायला दोनच माणसं. तुझ्या मामीने विचारलं, "आणि पाहुणे?" तू हसून म्हणालास, "ही पाहुण्यांसाठी नाहीच, मामी. ही फक्त रविवारची." मग माझ्याकडे वळून विचारलंस, विकत घेऊ की लीजवर? माझ्या तोंडात पोळी होती, म्हणून तेव्हा वाचलास.

रात्री तुझ्या आईचा अंमळनेरहून फोन आला, त्याला समजाव म्हणून. समजावणं मला जमत नाही, बाबा. अडतीस वर्षं सुरतेत रिंग रोडच्या मार्केटात दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या, तेव्हा हिशोब तेवढा जमतो. तोच खाली मांडतो. गाडी घ्यायची की नाही, ते तू ठरव. हौस वाईट नसते. मीही केली आहे, आणि तिची पावती अजून कपाटात आहे.

१. आधी रविवार मोज, मग घोडे मोज — वर्षात रविवार ५२. पावसाचे १५ गेले, खान्देशातल्या लग्नांचे ६, दिवाळीआधी मार्केट रविवारीही चालू असतं ते ४, आजारपण आणि पाहुण्यांचे ३. उरले २४. तुझी गाडी वर्षातून २४ वेळा निघणार, हे वहीच्या पहिल्या पानावर लिही.

२. शोरूममधली किंमत विचारू नकोस, एका फेरीची किंमत काढ — घोडा पळाला तरी दाणा खातो आणि तबेल्यात उभा राहिला तरी खातो.

ही बेरीज तुझ्या देखतच करू. गाडी ५० लाखांची धर. गुजरातेत साध्या खासगी गाडीचा रस्ता कर ६ टक्के, म्हणजे ३ लाख. तू घरचे १० लाख घातलेस आणि ४० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी काढलंस, तर हप्ता ८३ हजारांचा, आणि एकूण व्याज जवळजवळ ९ लाख ८२ हजार. म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या आसपास नुसतं व्याज. गाडीची घट वर्षाला ५ लाख, ती कशी ते पुढे सांगतो. रस्ता कर ५ वर्षांत वाटला तर वर्षाला ६० हजार. विमा, सर्व्हिस आणि टायर मिळून २ लाख धरू. तू गुंतवलेले १३ लाख, म्हणजे घरचे दहा आणि रस्ता कराचे तीन, बँकेत असते तर ७ टक्क्यांनी ९१ हजार आले असते, तेही गेले. एकूण साडेदहा लाख, भागिले २४. डुमसच्या किनाऱ्याच्या एका फेरीला ४४ हजार, पेट्रोल वेगळं. भजी तर वेगळीच.

३. घट किती, हे विक्रेत्याला विचारू नकोस, विम्याच्या तक्त्याला विचार — सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष होईपर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५०. वर्षाला ५ लाख तिथून आले. पण हा तक्ता विम्याचा आहे, बाजार त्याला बांधलेला नाही.

४. लीजचा आकडा सांगितला की "करासकट का?" हा एकच प्रश्न विचार — गाडीवर जो जीएसटी, तोच तिच्या भाड्यावर. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल गाडीला तो ४० टक्के आहे. समज, भाडं ८० हजार सांगितलं. त्यावर ३२ हजार कर, म्हणजे महिन्याला १ लाख १२ हजार. २४ फेऱ्यांनी भागलं तर फेरीला ५६ हजार.

५. तरी घासाघीस कर, लाजू नकोस — लीज देणाऱ्याला गाडी घेताना भरलेला कर वळता मिळतो, तेव्हा मूळ भाडं त्या मानाने उतरलेलं हवं. मार्केटात मीटरमागे पन्नास पैशांसाठी अर्धा तास भांडणारा तू, इथे का गप्प?

६. विजेवरच्या गाडीचं गणित वेगळ्या पानावर मांड — तिला ५ टक्केच कर आहे, म्हणून भाड्यावरही ५. एमजीची सायबरस्टर २०२५ मध्ये ७५ लाखांच्या घरात आली. ती दोन दारांची आणि विजेवरची. असली नवी जात पाच वर्षांनी काय भावाने विकली जाईल, याचा अंदाज कुणालाच नाही, म्हणून तिथे लीज मला पटते.

७. ४४ आणि ५६ मधले १२ हजार कशाचे, ते समजून घे — तो विकण्याच्या धास्तीचा मेहनताना आहे. तुझी ५० लाखांची गाडी पाच वर्षांनी २५ ला न जाता १० लाखांना गेली, तर फेरीला साडेबारा हजार वाढतात आणि तू लीजवाल्याच्या बरोबरीला येऊन बसतोस. सगळा वाद या एका आकड्यात आहे, भो. धास्ती तू सोसणार की दुसऱ्याला पैसे देऊन सोसायला लावणार?

आणि ती धास्ती खोटी नाही. फोर्डने मस्टँग २०१६ मध्ये आपल्याकडे ६५ लाखांच्या आसपास आणली. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवतो म्हणून सांगितलं, आणि आपल्या साणंदचा कारखाना पुढे टाटांकडे गेला. शेव्हरोलेवाल्या जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथली विक्री बंद केली, त्यांचा कारखाना होता हालोलला. पुण्याजवळच्या रांजणगावातली आबार्थ पुंटो आठवते का? १४५ घोड्यांची, २०१५ मध्ये दहा लाखांच्या आत. पोरं वेडी झाली होती. आता फियाटच इथून गेली. कंपनी गेली की गाडी चालायची थांबत नाही, पण गिऱ्हाईक विचार करायला लागतं, आणि विचार करणारं गिऱ्हाईक भाव पाडतं.

८. "धंद्याच्या नावावर घेऊ, कर वळता होईल," असं सांगणाऱ्याला चहा पाज आणि वाटेला लाव — माणसं वाहणाऱ्या छोट्या गाडीचा जीएसटी तुझ्यासारख्या कापडवाल्याला वळता मिळत नाही, विकत घे की लीजवर घे. घसारा १५ टक्क्यांनी दाखवता येतो, पण रविवारी सापुताऱ्याला जाणारी गाडी धंद्याची कशी, हे अधिकाऱ्याला तू समजावणार, मी नाही.

९. दहा लाखांवरच्या गाडीला विक्रेता १ टक्का वेगळा वसूल करतो, त्याची नोंद ठेव — तो तुझ्याच आयकरात जमा असतो, विवरणपत्र भरताना मागून घे. पन्नास लाखांचे पन्नास हजार होतात. मागायचे विसरलेले शेठ मी पाहिले आहेत.

१०. विम्यातला बिनदाव्याचा बोनस जप — पहिल्या वर्षानंतर २० टक्के, वाढत वाढत ५० पर्यंत जातो, आणि तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. लीजच्या गाडीत मालक कंपनी, म्हणून पाच वर्षं सांभाळून चालवलीस तरी तुझ्या खात्यात शून्य.

११. लीजच्या कागदात चार जागी बोट ठेवून वाच: किलोमीटरची मर्यादा, मुदतीआधी परत दिली तर दंड, परत घेताना ओरखड्यांचा हिशोब, अनामत कधी परत — भाड्याच्या भिंतीत खिळा ठोकला तर भोकाचेही पैसे लागतात. आणि तिच्यावर स्टिकर लावू नकोस, महाराजांचासुद्धा नाही.

१२. मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन फिरवू नकोस — खासगी गाडी भाड्याने दिली की विम्याची अट मोडते, आणि अपघात झाला तर मैत्री व दावा दोन्ही बुडतात. भाड्याने स्वतः चालवायची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. मिरवायला कमी, झोपायला बरी.

१३. पावसाळ्याआधी गाडी कुठे उभी करशील, ते आत्ताच ठरव.

या एकावर थोडा थांबतो. तू वेसूतल्या पोरांची गाडी पाहून आलास, पण तू राहतोस गोडादऱ्यात. पाऊस जोराचा झाला की लिंबायत, परवत पाटिया, गोडादरा या पट्ट्यात खाडी पसरते, आणि तुझी लाल गाडी जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नाही. माझ्याकडे जुनी कॉन्टेसा होती, आठवते? तू तिच्या मागच्या सीटवर उलटी केली होतीस. सव्वा लाखाला घेतली होती, रविवारी मामीला नवापूरपर्यंत फिरवून आणायचं म्हणून. आठवडाभर लिंबाखाली उभी असायची. आधी बॅटरी उतरली, मग उंदराने वायरी खाल्ल्या, मग एका श्रावणात खाडीचं पाणी दारापर्यंत आलं. पाणी ओसरलं आणि मी शहाण्याने लगेच किल्ली फिरवली. आतून 'टक्' असा एकच आवाज आला. इंजिनात पाणी शिरलं होतं, दांडा वाकला. विम्यावाल्याने सांगितलं, पाण्यात गाडी उभी होती ते नुकसान वेगळं, तुम्ही किल्ली फिरवून केलेलं वेगळं. शेवटी भंगारवाल्याने अकरा हजार दिले, आणि टेप काढून ठेवलाय का, म्हणून विचारलं.

१४. म्हणून विम्यात इंजिनाचं कलम पैसे भरून घे, आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला किल्ली लावू नकोस — तिला उचलून न्यावं लागतं. लीजवर असली तरी हे कलम आहे का ते बघ. गाडी त्यांची असते, पण चूक तुझ्या नावावर लागते.

१५. दर आठवड्याला गाडी वीस मिनिटं खरोखर चालव, जागेवर घुर्रघुर्र करू नकोस — बॅटरी भरते, टायर एका बाजूला चपटे होत नाहीत, आणि हल्लीच्या इथेनॉल घातलेल्या पेट्रोलला ओल धरायला वेळ मिळत नाही.

१६. जुनी बघायला गेलास तर रंग बघायच्या आधी टायरच्या कडेचे शेवटचे चार आकडे वाच — २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. काटे शाबूत असले तरी रबर म्हातारं होतं, अगदी माझ्यासारखं.

१७. कर्ज फिटलं की त्याच महिन्यात आरटीओत जाऊन बँकेचा बोजा उतरव — हप्ता संपला म्हणून नोंद आपोआप पुसली जात नाही, आणि विकायला निघालास की दलालाला तेवढं कारण पुरतं.

१८. नवापूरच्या पलीकडे नेहमी राहणार असशील तर आधी सांग — वर्षाहून अधिक काळ गाडी महाराष्ट्रात ठेवली तर तिथली नोंदणी लागते, आणि वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तिथे कर १३ टक्के आहे. तुझा थोरला भाऊ धुळ्याला तुझी गाडी 'थोडे दिवस' मागणार, हे मी आजच लिहून देतो.

आता माझं मत, विचारलंस म्हणून. २४ फेऱ्यांसाठी नवी कोरी गाडी कर्जाने घेणं मला पटत नाही, आणि पेट्रोलची गाडी ४० टक्के कर भरून लीजवर घेणं त्याहून पटत नाही. चार-पाच वर्षांची, एकाच हातची, ज्या कंपनीचं दुकान सुरतेत चालू आहे अशी गाडी बघ. कर्ज न काढता घे आणि दहा वर्षं ठेव. निम्मी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते, त्याचे मनातल्या मनात आभार मान. विजेवरचीच हवी असेल तर दोन-तीन वर्षं लीजवर चालवून बघ. आणि या वर्षी फक्त हौस भागवायची असेल तर काळ्या पाटीची दोन दिवस घे, मामीला सापुताऱ्याला ने. मी मागे बसणार नाही, कारण मागे सीटच नाही.

येत्या रविवारी दोन्हीकडची कोटेशनं लेखी घेऊन ये, करासकट. चारनंतर ये, आधी मी झोपलेला असतो. आणि स्कूटरवर ये, आमच्या गल्लीत खोदकाम चालू आहे.

तुझा,
मामा