अवटु ग्रंथीतील गळू: चित्रावरून निदान

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांवर उपचार होत, आणि रोगट डोळ्याचे रंगीत चित्र नोंदीबरोबर काढून ठेवले जाई. ही चित्रे तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. डोळ्याचा विकार चित्रकारास समोर दिसत असे. मानेतील अवटु ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, तसे नाही. बाहेरून दिसते ती केवळ लाल, दुखरी सूज. तिचे खरे चित्र त्वचेच्या आतून घ्यावे लागते.

या ग्रंथीत पू होणे विरळाच. तिला भरपूर रक्तपुरवठा असतो, भोवती घट्ट आवरण असते, आणि तिच्यातील आयोडीनही जंतूंना मानवत नाही असे समजले जाते. म्हणूनच एखाद्या मुलाच्या मानेत, विशेषतः डावीकडे, पुनःपुन्हा गळू होऊ लागले, तर जंतूंना वाट कोठून मिळाली हे शोधलेच पाहिजे. ही वाट बहुधा जन्मजात असते. घशाच्या तळाशी, स्वरयंत्राच्या बाजूस एक खळगी आहे. तिच्यातून एक बारीक नळी ग्रंथीपर्यंत गेलेली असते. जपानी शल्यचिकित्सकांनी १९७९ साली तिच्याकडे लक्ष वेधले.

प्रथम सोनोग्राफी करावी. पुवाचा साठा तीत काळसर, ओबडधोबड कडांचा दिसतो. मात्र अगदी आरंभी तो दिसेलच असे नाही. सूज श्वासनलिकेकडे वा छातीकडे किती पसरली, हे सीटी स्कॅन सांगतो. ग्रंथीच्या शेजारी हवेचे बुडबुडे दिसले, तर त्या नळीचा संशय बळावतो.

खरी गफलत होते ती विषाणूंनंतर उद्भवणाऱ्या ग्रंथीदाहाशी. तोही ताप आणि वेदना घेऊन येतो. पण त्यात पुवाचा साठा नसतो, आणि किरणोत्सारी द्रव्य ग्रंथीभर कमी शोषले जाते. गळवात बहुधा तेवढाच भाग रिकामा राहतो. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. दाहावर स्टेरॉइड देतात. तेच गळू असताना दिले, तर संसर्ग फोफावतो. शंका राहिल्यास सुईने द्रव काढून तपासावा.

नळी शोधण्यासाठी रुग्णास बेरियम पाजून क्ष-किरण चित्र घेतात. सूज असताना नळीचे तोंड मिटलेले असते, त्यामुळे चित्र निर्दोष दिसू शकते. काही आठवड्यांनी, सूज ओसरल्यावर, ही तपासणी पुन्हा करावी. नळी सापडली तर ती काढून टाकतात, किंवा तिचे तोंड डागून बंद करतात.