डॉमिनिकात महिनाभर राहावं का?

प्रश्न : जुलै २०२३ मध्ये भारत–वेस्ट इंडिज कसोटी पाहताना रोझोच्या मैदानामागचे हिरवेगार डोंगर दिसले आणि तेव्हापासून डॉमिनिका मनात घर करून बसलं आहे. यंदा आम्ही दोघं मुलीकडे फ्लोरिडाला जाणार आहोत. तिथून महिनाभर डॉमिनिकाला राहून यावं असं वाटतं. जावईबापू म्हणतात, ‘तिथे ना धड बीच, ना मोठी हॉटेलं, वर रोज पाऊस. चार दिवसांत कंटाळाल.’ आम्ही साठी ओलांडलेली, शाकाहारी, आणि हिचा एक गुडघा दुखरा. इतकं सुंदर बेट असं मागे का राहिलं, आणि ते आम्हाला झेपेल का? (सांगलीहून एक वाचक)

उत्तर : आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत, ते बरंच झालं. बेट मागे का राहिलं हे कळलं, की झेपेल का याचं निम्मं उत्तर आपोआप मिळतं. आपल्याला भुरळ घालणारे डोंगर आणि जावईबापूंच्या तिन्ही तक्रारी यांचं मूळ एकच आहे.

कॅरिबियन समुद्रात ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध डॉमिनिका आहे. क्षेत्रफळ सुमारे ७५० चौरस किलोमीटर, वस्ती सत्तर हजारांच्या आसपास. १९७८ पर्यंत ते ब्रिटिशांकडे होतं. हे सगळं बेट ज्वालामुखींनी उभारलेलं आहे, आणि भूशास्त्राच्या हिशेबात फार जुनंही नाही. त्यामुळे पावसा-वाऱ्याने झिजून सपाट व्हायला त्याला वेळच मिळालेला नाही. मोर्न डियाब्लोटिन हे सर्वांत उंच शिखर १,४४७ मीटरचं. कळसूबाईहून दोनशे मीटर कमी, पण हा चढ समुद्रसपाटीपासून सुरू होऊन काही किलोमीटरांतच संपतो.

आता यातून पुढे काय घडतं पाहा. सपाट जमीन नाही म्हणून लांब धावपट्टी बांधता आली नाही. ईशान्येचा डग्लस-चार्ल्स विमानतळ डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात बसवलेला आहे. तिथे लहान-मध्यम विमानंच उतरतात, आणि मायामीहून थेट विमान सुरू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडावा लागला. मोठी विमानं येत नाहीत म्हणून शेकडो खोल्यांची हॉटेलं उभी राहिली नाहीत, आणि हॉटेलं नाहीत म्हणून किनारे मोकळे राहिले. वेस्ली गावाजवळ आता मोठा विमानतळ बांधला जातो आहे. तो सुरू झाल्यावर हे गणित बदलेल, त्यामुळे जायचंच असेल तर फार वर्षं थांबू नये असं मला वाटतं.

बीचची तक्रारही खरी आहे. चित्रांतली पांढरीशुभ्र वाळू बहुतांशी प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची असते. डॉमिनिकाची वाळू ज्वालामुखीच्या खडकाची, म्हणून काळी किंवा राखाडी. ती घाण नसते, फक्त उन्हात लवकर तापते. ईशान्येला बातिबू, वुडफर्ड हिल असे सोनेरी वाळूचे किनारे आहेत, पण ते थोडेच. सकाळ-संध्याकाळ वाळूत पाय सोडून बसणं हीच आपली सुट्टीची कल्पना असेल तर इथे येऊ नये. त्यासाठी अँटिग्वा किंवा बार्बाडोस कधीही चांगलं.

पण त्याच ज्वालामुखीने दिलेल्या गोष्टी दुसरीकडे मिळणं कठीण आहे. डोंगर पाण्याखालीही तसाच उतरत गेल्यामुळे पश्चिम किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र खूप खोल आहे, आणि खोल पाण्यात शिकार करणारे स्पर्म व्हेल तिथे वर्षभर असतात. २०२३ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी सुमारे ८०० चौरस किलोमीटरचं राखीव समुद्रक्षेत्र जाहीर केलं. शँपेन रीफ या ठिकाणी समुद्रतळातून वायूचे बुडबुडे सतत वर येत असतात, आणि त्यांच्या मधून पोहता येतं. वॉटन वेव्हन गावात गंधकाच्या गरम पाण्याची कुंडं आहेत. आणि बॉयलिंग लेक तर जमिनीतल्या वाफेच्या तोंडावर साचलेलं साठेक मीटर रुंदीचं तळं आहे. त्याचं करड्या रंगाचं पाणी मधोमध खदखदत असतं.

इथे मात्र वहिनींच्या गुडघ्याचा विचार करायला हवा. बॉयलिंग लेकला गाडी जात नाही. लोडा गावापासून जाऊन-येऊन सहा-सात तासांची चाल आहे, आणि त्यात चिखल, निसरडे दगड, लाकडाच्या ओंडक्यांच्या पायऱ्या. हे तळं यादीतून काढून टाका. बेटाच्या दक्षिण टोकापासून उत्तरेपर्यंत जाणारी सुमारे १८५ किलोमीटरची वायटुकुबुली पायवाटही तरण्या पायांसाठी. म्हणून उरलं काही नाही असं मात्र समजू नका. ट्रॅफल्गारचे जोडधबधबे थोड्या चालीवरच्या मचाणावरून दिसतात, एमराल्ड पूल रस्त्यापासून जवळ आहे, फ्रेशवॉटर लेकपर्यंत गाडी जाते. वॉटन वेव्हनच्या गरम पाण्यात तर दुखऱ्या गुडघ्याला आरामच वाटेल.

माझ्या मते तुम्हा दोघांसाठी सगळ्यांत सुंदर जागा पोर्ट्समथची इंडियन रिव्हर. तिथे मोटरबोटीला बंदी आहे. नावाडी वल्ह्यांनी होडी नेतो आणि दोन्ही काठांवरच्या झाडांची मुळं फळ्यांसारखी उभी, नागमोडी वळत पाण्यात उतरलेली दिसतात. ही झाडं आपल्या बिबळ्याच्या कुळातली. मुळांच्या खोबणींतून खेकडे ये-जा करतात, वर फांद्यांचं छत असतं, आणि वल्ह्यांच्या आवाजाखेरीज फारसं काही ऐकू येत नाही.

पावसाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण महिनाभराच्या मुक्कामाचा निकाल खरा पावसावर लागतो. अटलांटिकवरून येणारे व्यापारी वारे पूर्वेकडून डोंगराला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. उंच भागांत वर्षाला ७,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आंबोलीला जाऊन आलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, पण फरक असा की आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि डॉमिनिकाचा बाराही महिने थोडाथोडा चालू असतो. पश्चिम किनारा डोंगराच्या आडोशाला असल्याने बराच कोरडा राहतो. त्यामुळे रोझोत ऊन आणि अर्ध्या तासावर लोडात धो धो पाऊस हे नेहमीचंच आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यातल्या त्यात कोरडा काळ.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर त्यातले सर्वांत धोक्याचे महिने. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया हे पाचव्या श्रेणीचं वादळ थेट बेटावरून गेलं. जवळजवळ सगळ्या घरांची छपरं उडाली किंवा मोडली, पासष्ट माणसं दगावली किंवा बेपत्ता झाली, आणि कित्येक गावांत वीज यायला महिने लागले. लोकांनी बेट पुन्हा उभं केलं, जंगलही परतलं. पण या काळात तिकीट स्वस्त मिळतं म्हणून महिन्याचा मुक्काम ठरवू नका.

‘अविकसित’ म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर कंदील आणि साप येतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त भिंतीत ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा सॉकेट असतो. सगळे इंग्रजी बोलतात, आपसात फ्रेंच वळणाची क्रेओल. विषारी साप या बेटावर एकही नाही. काळजी घ्यायची ती डेंग्यूच्या डासांची आणि किनाऱ्यावरच्या मँचिनील या झाडाची. त्याचं फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, पण अतिशय विषारी असतं. चिकाने कातडीला फोड येतात, म्हणून पावसात त्याच्या आडोशालाही उभं राहायचं नाही.

उणीव आहे ती रस्त्यांची आणि मोठ्या उपचारांची. विमानतळापासून रोझोपर्यंत अंतर फार नाही, पण वळणावळणाने तास-दीड तास जातो. मिनीबस भरली की सुटते, संध्याकाळनंतर क्वचित मिळते आणि रविवारी जवळजवळ नसतेच. वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, आणि गाडी भाड्याने घेताना तात्पुरता स्थानिक परवाना काढावा लागतो. तरी अरुंद घाट आणि कडेची खोल गटारं पाहता, आठवड्यातून दोन-तीन दिवस चालकासकट गाडी ठरवणं तुम्हाला सोयीचं पडेल. मुख्य रुग्णालय रोझोत आहे, पण गंभीर रुग्णाला अनेकदा दुसऱ्या बेटावर न्यावं लागतं. म्हणून विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला विमा घ्या आणि नेहमीची औषधं दीड महिन्याची बरोबर ठेवा.

जेवणाची चिंता मात्र सोडून द्या. रोझोचा शनिवारचा बाजार भल्या पहाटे भरतो आणि तिथली निम्मी भाजी आपल्या ओळखीची. डॅशीन म्हणजे अळूचाच मोठा कंद. त्याच्या पानांचं कलालू हे दाट सूप आपल्या फतफत्याच्या जवळ जाणारं, फक्त त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस नाही ना, हे विचारून घ्यायचं. ब्रेडफ्रूट म्हणजे कोकणातला नीरफणस, तो तिथे निखाऱ्यावर भाजून खातात. पूर्वेकडे कालिनागो या मूळ रहिवाशांचा प्रदेश आहे. तिथे कसाव्याची भाकरी मिळते, आणि आपला साबुदाणा याच कंदाचा. रास्ताफारी लोकांच्या ‘आयटल’ खानावळींत मांस-मासळी नसतेच. बाहेरून येणारा दुकानातला माल महाग, बाजारातलं ताजं परवडणारं. म्हणजे स्वयंपाकघर असलेलं घर घ्यायला हवं.

घर पोर्ट्समथजवळच्या पिकार्डला पाहा. तिथे एक मोठं वैद्यकीय महाविद्यालय होतं. मारियानंतर ते बार्बाडोसला गेलं, पण विद्यार्थ्यांसाठी बांधलेली छोटी घरं राहिली. खाडी शांत, चालायला सपाट रस्ता, इंडियन रिव्हर जवळ. शेवटचे आठ दिवस रोझोच्या बाजूला काढले की दक्षिणेकडची ठिकाणं होतील. हिवाळ्यात रोझोला क्रूझची जहाजं लागतात आणि साधारण दहा ते तीनच्या दरम्यान धबधब्यांवर झुंबड उडते. महिनाभर राहणाऱ्याला जहाज नसलेला दिवस निवडता येतो, आणि हा लांब मुक्कामाचा मोठा फायदा.

कंटाळ्याचं म्हणाल, तर आठ-दहा दिवसांत पाहण्यासारखं बहुतेक पाहून होतं, हे जावईबापूंचं म्हणणं मान्य. उरलेले दिवस मग राहण्याचे असतात : सकाळी बाजार, दुपारी पाऊस, पुस्तक, संध्याकाळी शेजाऱ्यांशी गप्पा. आंबोली-दापोलीला दोन दिवस पावसात अडकलात तर तुम्हा दोघांना काय वाटतं, हे एकमेकांना आधी विचारा. बरं वाटत असेल तर महिना अपुरा पडेल. अस्वस्थ होत असाल तर दहा दिवसांचं तिकीट काढा. दोघांची उत्तरं वेगळी आली, तर जिला गुडघ्यामुळे घरात जास्त वेळ काढावा लागणार आहे तिचं उत्तर ग्राह्य धरा.

मधल्या दिवसांत बोटीने ग्वादलूप किंवा मार्टिनिकला जाऊन येण्याचा मोह होईल. ही बेटं फ्रान्सची असली तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाहीत, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर त्यांच्यासाठी वेगळी नोंद असलेला व्हिसा लागतो. आणि तिकीट काढताना नाव नीट पाहा. डॉमिनिकन रिपब्लिक हा हिस्पॅनिओला बेटावरचा वेगळा, स्पॅनिश बोलणारा देश आहे, आणि दोन्हींची गल्लत होऊन सामान भलतीकडे जाण्याचे प्रकार घडतात. डग्लस-चार्ल्स विमानतळाची खूण डीओएम ही तीन अक्षरं. मायामीला बॅगा देताना चिठ्ठीवर तीच आहेत ना, हे तिथेच पाहून घ्या.