मिरजेचा तंबोरा

सांगली जिल्ह्यातील मिरज शहरात भोपळा आणि लाकूड यांपासून सतार व तंबोरा तयार करतात. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

मुलांनो, तंबोरा किंवा त्याचे छायाचित्र समोर ठेवा. कागदाकडे न पाहता, पेन्सिल न उचलता त्याची बाह्यरेषा काढा. नजर सरकेल तसा हात सरकू द्या. रेषा वाकडी आली तरी खोडू नका. दोन भोपळे अगदी सारखे नसतात. मग दोघांच्या रेषा सारख्या कशा येतील?

आता भोपळ्याच्या जागी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवा. त्यांवर सांगलीच्या प्रसिद्ध हळदीचे पाणी लावा. वाळल्यावर काही ठिकाणी सोड्याचे पाणी लावा. पिवळा रंग तांबडा होईल. शेवटी चार तारांसाठी चार दोरे चिकटवा. चित्र कसे तयार केले, ते वर्गात मराठीत सांगा.