भातखाचरातील बेडूक व त्यांचे आवाज

मृगाचा पाऊस पडून खाचरात पाणी साचले की रात्री बेडकांचा गलका सुरू होतो. तो ऐकून आपण "पाऊस लागला" एवढेच म्हणतो. वस्तुतः तो एकाच जातीचा आवाज नसतो. एका खाचराच्या आसपास चार-पाच जाती ओरडत असतात व प्रत्येकीची हाक निराळी असते. ओरडतो तो नर. घशाखालची कातडी हवेने फुगवून तो मादीला बोलावतो आणि मादी आपल्याच जातीच्या हाकेला प्रतिसाद देते. म्हणून काळोखात बेडूक न दिसताही केवळ कानांनी त्याची जात ओळखता येते.

सर्वांच्या परिचयाचा तो मोठा डराव बेडूक. पहिल्या जोरदार पावसात याचे नर हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्याशार दिसू लागतात. याचा आवाज खोल व घनगंभीर असतो. कीटक तर तो खातोच, पण लहान खेकडे आणि प्रसंगी उंदराचे पिल्लूही गिळतो. खेकड्यांनी बांध पोखरल्यामुळे खाचरातील पाणी एका रात्रीत कसे निघून जाते, हे कोकणातील शेतकऱ्यास सांगावयास नको. या बेडकाच्या तंगड्यांना परदेशात मागणी असल्याने त्याचा पूर्वी अतोनात संहार झाला. १९८१ साली भारतातून चार हजार टनांहून अधिक तंगड्या निर्यात झाल्या होत्या. अखेर १९८७ मध्ये शासनाने ही निर्यात बंद केली. तरीही पावसाळी रात्री बत्ती घेऊन बेडूक पकडणारे काही ठिकाणी आढळतात. तसे दिसल्यास वनखात्यास कळवावे.

बांधाच्या गवतातून रातकिड्यासारखी तुटक किरकिर येते ती लहान, तपकिरी खाचर-बेडकाची. भातपिकात सर्वांत अधिक वावर याचाच. चुडाच्या बुंध्याशी बसून तो तुडतुडे, पतंग व टोळांची पिल्ले टिपतो. कंगव्याच्या दात्यांवरून नख ओढावे तसा करकर आवाज ज्याचा येतो, तो बेडूक हाती धरला तर आश्चर्य वाटते. कारण एवढा मोठा आवाज करणारा हा प्राणी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीचा असतो! याची पिले काचेसारखी पारदर्शक असल्याने पाण्यात चटकन दिसत नाहीत. पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारीत जाणारा बेडूक विहिरी-तळ्यांत राहतो. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

जमिनीत पुरून राहणाऱ्या जाती मात्र विशेष लक्षात घ्याव्यात. यांच्या मागच्या पायाच्या तळव्याला फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती उकरीत हा प्राणी मागच्या मागे जमिनीत उतरतो व कोरडे महिने तेथेच काढतो. नांगराच्या तासात गोल गोळ्यासारखा बेडूक निघतो तो हाच. यांपैकी फुगरा बेडूक छेडल्यास चेंडूसारखा फुगतो. त्याचे मुख्य अन्न वाळवी व मुंग्या. पावसानंतर तो डबक्यावर तरंगत घुमल्यासारखा आवाज काढतो. अशी युक्ती दूरदेशीच्या बेडकांनीही साधली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील गव्हाच्या प्रदेशात गुंजारव करणारा एक बेडूक आहे. तोही पायाच्या अशाच फावड्याने जमिनीत शिरतो आणि पाऊस पडला की वर येऊन मंद, दीर्घ गुंजन करतो. आपल्या बेडकांशी त्याचे जवळचे नाते नाही. कोरडा काळ निभावण्याची गरज तेवढी सारखी.

बेडूक असले म्हणजे खोडकिडा येत नाही, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. हलणारे जे तोंडात मावेल ते बेडूक खातो. त्यात आपल्या उपयोगाचे कोळीही जातात. परंतु रोज रात्री विनामूल्य होणारे त्याचे काम आपल्याच हाताने बंद पाडण्यात शहाणपण नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यातील गोष्ट. एका खाचरात फवारणीचे प्रात्यक्षिक मी स्वतः करून दाखविले व काम आटोपल्यावर पंप बांधालगतच्या डबक्यात धुतला. दुसऱ्या दिवशी त्या डबक्यात शेकडो भैकेर, म्हणजे बेडकांची शेपटीवाली पिले, पोट वर करून तरंगत होती. शेतकरी काही बोलला नाही. त्याच्या आईने मात्र विचारले, "साहेब, औषध नक्की कुणाला घातलंत?" भैकेर कल्ल्यांनी श्वास घेतो व त्याची कातडी अत्यंत पातळ असते. त्यामुळे पाण्यात मिसळलेले विष त्याला तत्काळ भिनते, ही माहिती मला पुस्तकातून होती. डबक्याशी उभा असताना ती आठवली नाही.

अंड्यातून बाहेर पडल्यापासून पाय फुटून पाणी सोडीपर्यंत बहुतेक जातींस साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हा काळ नेमका लावणीच्या आगेमागे येतो. त्या अवधीत किडीचे प्रमाण नुकसानीच्या पातळीवर गेल्याखेरीज फवारणी करू नये. पंप व डबे पाण्यापासून दूर, पडीक जागी धुवावेत. दाणेदार औषध टाकल्यावर खाचराचे पाणी तीन-चार दिवस बाहेर सोडू नये. बांधाचे गवत एकदम सगळे न कापता एका बाजूचे राखावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, अंधार पडल्यावर, ठरावीक बांधावर दहा मिनिटे उभे राहावे. कोणते आवाज ऐकू आले ते तारखेनिशी वहीत लिहावे. त्याच वहीत त्या खाचरात कोणते औषध केव्हा पडले तेही टिपावे. दुसऱ्या वर्षी त्याच बांधावर त्याच सुमारास पुन्हा उभे राहून एखादा आवाज कमी झाला आहे काय, हे पाहावे.